गाणी ठेवलेला कॉम्प्युटर

माझी धाकटी बहीण आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसली की मी दाराच्या पडद्याच्या अलीकडे खुर्ची टाकतो. आत जात नाही. घर तिचं आहे. बायको गेल्यावर मी इथे राहायला आलो. त्या खोलीत जे असतं ते पुरुषाने बघायचं नसतं, भावाने तर नाहीच.

सगळी वस्ती तिला बाना चिपाशा म्हणते, म्हणजे चिपाशाची आई. मूल झालं की आमच्या बायकांचं स्वतःचं नाव मागे पडतं. मीही तिला तशीच हाक मारतो. ती मला याया म्हणते. थोरल्या भावंडाला तसंच म्हणायचं.

ती नवऱ्या मुलींना शिकवते. लग्न ठरलं की मुलीला काही दिवस खोलीत बसवतात आणि जाणत्या बायका तिला संसार सांगतात. गाण्यांतून सांगतात, ढोल वाजवून सांगतात, मातीच्या वस्तू दाखवून सांगतात. शिकवणाऱ्या बाईला बानाचिम्बुसा म्हणतात. लुआन्श्यात आमच्या खाणवस्तीत अशा बायका थोड्याच उरल्यात. बाकीच्या म्हाताऱ्या होऊन गेल्या, किंवा चर्चने नको म्हटलं म्हणून बसल्या.

बाना चिपाशाला हे काम फुकट मिळालं नाही. तिचा नवरा खाणीत इंजिन चालवायचा. छाती भरून वारला. त्यानंतर तिने बाजारात सुकी मासळी विकून पोरं वाढवली. सकाळी मासळीची पाटी, आणि दुपारनंतर नाकुलू मुसोलेंचं अंगण. नाकुलू मुसोले म्हणजे वस्तीतली सगळ्यांत थोर बानाचिम्बुसा. त्यांच्याकडे माझ्या बहिणीने पाणी भरलं, मका कांडला, त्यांच्या सुनेची बाळंतपणं काढली. किती वर्षं गेली आणि मग म्हातारीने तिला ढोलाला हात लावू दिला. मी खाणीत पाइप जोडायचो. आमच्याकडेही नव्या माणसाला पहिलं वर्षभर नुसत्या किल्ल्या उचलायला लावायचे. त्यामुळे ते शिकणं मला कळतं.

म्हातारी थकली तेव्हा बाना चिपाशाने तिची गाणी आवाज भरायच्या एका लहान यंत्रावर भरून घेतली. यंत्र भरलं की बाना चिपाशाची लेक सुट्टीला येऊन ती गाणी कॉम्प्युटरमध्ये टाकायची आणि यंत्र रिकामं करायची. कॉम्प्युटर लेकीनेच आणला होता. सोल्वेझीला ती ज्या कचेरीत आहे तिथे टाकून द्यायला काढलेला. मागच्या थंडीत म्हातारी गेली. आता ती गाणी जगात फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि थोडीफार माझ्या बहिणीच्या डोक्यात. आणि डोकं सांडायला लागलं होतं. मासळीत मीठ घातलं की नाही ते तिला आठवायचं नाही. एका नवरीला शिकवताना मधली ओळ गेली, तेव्हा ती घरी येऊन नुसती बसून राहिली.

त्यातच कॉम्प्युटर बिघडला.

"गेला," ती आतून म्हणाली.

"पुन्हा?"

"आपला आपण गेला, आपला आपण लागला. आता काहीतरी गोल फिरतंय."

"काय करत होतीस?"

"बघत होते, याया. नुसती बघत होते. आता बघायचंही नाही का?"

लेकीने फोनवरून सांगितलं होतं की गाणी कॉम्प्युटरला लावायच्या बोटाएवढ्या काडीवर उतरवून घे. बाना चिपाशाने काडी लावली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली की तो मरायचा. पुन्हा लावायचं, पुन्हा पट्टी, पुन्हा मरण. लेक म्हणाली, असं मधेच सारखं बंद पडलं तर आतलं खराब होईल, ताबडतोब दुकानात दे.

"दुकानात देणार नाही," बाना चिपाशा म्हणाली.

"का?"

"दुकानात सगळे पुरुष. उघडतील, ऐकतील, हसतील. दुसऱ्या दिवशी मिनीबसमध्ये लावतील."

यात खोटं काही नव्हतं. आमचे मिनीबसवाले काहीही लावतात. त्या गाण्यांत नवरा-बायकोचं सगळं असतं, उघडं. म्हातारीचा आवाज बाजाराच्या चौकात वाजला असता तर माझी बहीण पुन्हा घराबाहेर पडली नसती.

तेव्हा मी म्हटलं, मी बघतो. म्हणजे बघत नाही, इथून सांगतो.

पाइप गळत असला की एका टोकाकडून सुरू करायचं आणि दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर काय सुधारलं ते कळत नाही. मी विजेपासून सुरू केलं. तारा पडद्याच्या खालून बाहेर येत होत्या, तेवढ्याला हात लावायला मला मनाई नव्हती. प्लग उघडला. एक स्क्रू ढिला होता, तो आवळला. भिंतीतला बोर्ड उघडला, तारांची टोकं नवीन सोलली. शेजारच्या शिंप्याकडून वीज सारखी ठेवणारा डबा मागून आणला.

"लाव."

तिने लावला.

"गेला."

मी बोर्ड बंद केला. मान दुखायला लागली होती.

मला संशय विजेचाच होता, कारण सकाळी तो जास्त वेळ टिकायचा. रात्रभर वीज नसते, पहाटे येते. सकाळी यंत्र बराच वेळ चालायचं, मग एकदा गेलं की जातच राहायचं. मी म्हटलं, दहाच्या सुमाराला सगळी आळी विजेच्या शेगड्या लावते, वीज खाली पडते. अगदी सरळ हिशेब. शिंप्याचा डबा लावूनही तेच झालं तरी मी तो हिशेब सोडला नाही. डबा जुना असेल म्हटलं.

"निळं आलं," बाना चिपाशा म्हणाली.

"काय लिहिलंय? वाच."

"इंग्रजी आहे. पांढरी अक्षरं... गेलं."

"चष्मा लाव ना."

"चष्मा लावला की ते जातं. काढून ठेवला की बसून राहतं. त्याला बहुतेक कळतं."

मग मी एकेक गोष्ट काढायला सांगितली. कागद छापायचं यंत्र काढ. काढलं. गेला. माउस काढून दुसऱ्या भोकात लाव. गेला. ती गाण्यांची काडी काढ, नुसता चालू ठेव, काही करू नकोस. तरी गेला.

"आता मी उठून बाहेर बसू का?" ती म्हणाली. "माझ्यामुळे असेल."

"हवा लागते का त्याला?"

"खिडकी उघडी आहे, याया. तुम्हाला खोकला येतो तोच त्या खिडकीतून."

मी पुढे विचारलं नाही. खिडकी उघडी आहे म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? ऑक्टोबरचा उकाडा होता. माणसांना हवा नव्हती, तिथे यंत्राची कोण चौकशी करतो.

असं बरेच दिवस चाललं. वीज आली की ती हातातलं काम टाकून आत जायची. पीठ भिजत पडायचं, कोळशाची शेगडी विझायची. हिरवी पट्टी थोडी पुढे सरकायची आणि मरायची. एखादं गाणं उतरायचं. पुढच्या वेळी यंत्र सुरू व्हायलाच वेळ लावायचं, काहीतरी तपासत बसायचं. एकदा ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. हातातला चष्मा कमरेच्या कापडाला पुसत राहिली.

"दोन गाणी आता उघडतच नाहीत," ती म्हणाली. "परवा उघडत होती."

मी म्हटलं, "आता माझ्याने होत नाही. जेरेला बोलावू."

बा जेरे, बा हे आम्ही मानाने लावतो, बाजारात मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पन्नाशीचा माणूस आहे, हात स्वच्छ. पण तो न्गोनी जमातीचा आहे, आम्ही बेम्बा. पूर्वी आमच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांना भाल्यांनी भोसकलं, म्हणून आता एकमेकांची थट्टा करायचा हक्क आहे. तो आम्हाला माकडं खाणारे म्हणतो, आम्ही त्याला उंदीर खाणारा म्हणतो, आणि कोणी रागवायचं नाही.

"तो? तो तर बाजारभर ओरडत सांगेल," बाना चिपाशा म्हणाली.

"मयताच्या घरी सगळ्यांत पुढे कोण असतं?"

मयताच्या घरी थट्टेच्या नात्यातली माणसंच पुढे असतात. सगळे रडत असतात तेव्हा ती चेष्टा करतात, आणि जे काम घरच्यांच्याने होत नाही ते करतात. नाकुलू मुसोलेंच्या मयतीला जेरे आला होता. म्हातारीची नक्कल करून त्याने रडणाऱ्या बायकांना हसवलं होतं, आणि मग कबरीच्या खड्ड्यात उतरून माती समतल केली होती. तिथे त्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्या तोंडून कधी बाहेर आलं नाही.

"यंत्र मरायला लागलंय," मी म्हटलं. "मरणाचं काम त्याचंच आहे."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "खोलीत येणार नाही तो."

"नाही येणार."

"आणि लावून ऐकणार नाही."

"ते तूच सांग त्याला. तुझं तो ऐकतो."

जेरे दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हातात पत्र्याची पेटी.

"माकडं शिजलीयत का?" त्याने दारातूनच विचारलं. "वास येतोय."

"उंदीरखाऊ, चपला बाहेर काढ," बाना चिपाशा म्हणाली. "आणि शेपटी पण."

तो बाहेरच्या खोलीत बसला. तिने सगळं सांगितलं: आत काय आहे, कोणाचा आवाज आहे, ते कोणी का ऐकायचं नाही. तो पहिल्यांदाच थट्टा न करता ऐकत होता.

"मी लावणार नाही," तो म्हणाला. "पण उघडल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही तो इथे आणा."

ती आत गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मला नवल वाटलं, खोलीला कुलूप नव्हतं. मग ती पडदा बाजूला सारून आली. दोन्ही हातांत, छातीशी धरून, बायका कमरेला गुंडाळतात त्या चितेंगेच्या जाड कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापडाला वर गाठ मारलेली. तान्ह्या पोराला घ्यावं तसं घेतलं होतं.

जेरे उठून उभा राहिला. त्याने कापडाला हात लावला आणि मागे घेतला.

"बाना चिपाशा, पोराला ताप आहे."

"आत्ताच बंद केला म्हणून."

"हे असं गुंडाळून ठेवता? चालू असताना?"

"मग उघडं ठेवू?" ती चिडली. "म्बुसा कोणी उघड्या ठेवतं का?"

म्बुसा म्हणजे त्या शिकवायच्या मातीच्या वस्तू. त्या काम झालं की पांढऱ्या कापडात गुंडाळून कुलपात ठेवतात. कोणाची नजर पडू द्यायची नाही. माझ्या बहिणीने कॉम्प्युटरचंही तेच केलं होतं. सुताराकडून लाकडी कपाट करून घेतलं होतं, आतून जुनी घोंगडी ठोकली होती आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, मग कापड, मग दार, मग कुलूप. कॉम्प्युटरचा पडदा आणि कळफलक तेवढे बाहेर, तारा मागच्या एका भोकातून, तिथूनच हात घालून ती तो लावायची आणि काडी जोडायची. खोलीची खिडकी खरंच उघडी होती. ती खोटं बोलली नव्हती.

चाळीस वर्षं जमिनीखाली काढली. तिथे हवा आत सोडणारा पंखा बंद पडला की आम्ही हातातलं टाकून वर पळायचो. आणि इथे मी आठवडेच्या आठवडे प्लग आवळत बसलो होतो.

जेरेने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत घोंगडीचा राखाडी कापूस गच्च भरला होता. पंख्याची पाती त्यात रुतलेली. त्याने बोटाने पंखा फिरवून पाहिला. फिरला नाही.

"यात उंदराने घर केलंय म्हणायचं," मी म्हटलं.

"उंदीर असता तर मी जेवून जातो," तो म्हणाला.

मग त्याने काम थांबवलं आणि बाना चिपाशाकडे पाहिलं. "इकडे या. हे चार स्क्रू तुम्ही काढा." त्याने तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. एक चपटी धातूची वडी आत बसवलेली होती, तळहाताएवढी. "गाणी यात आहेत. बाकीच्यात नाहीत. बाकीचा नुसता पत्रा. ही काढून तुमच्यापाशी ठेवा, मग मी काय हवं ते करीन आणि तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला नको."

"एवढ्याशात?"

"एवढ्याशातच."

तिला स्क्रू जमेनात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घसरत होतं. मी पुढे झालो, तर जेरेने मला थांबवलं. तो घाई करत नव्हता. तिने चारही काढले, वडी बाहेर घेतली, पुसली, आणि चितेंगेच्या टोकात घट्ट गाठ मारून कमरेला खोचली. मग ती भिंतीला टेकून बसली. पहिल्यांदाच त्या दिवशी तिने पाय लांब केले. थोड्या वेळाने तिला बसल्या बसल्या झोप लागली. तोंड उघडं, हात कमरेवर.

जेरेने काम नीट केलं. मी पाहत होतो आणि मला कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही. काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्या क्रमाने झाकणात ठेवला. बारीक ब्रशने कापूस काढला, फुंकर घातली नाही, फुंकरीत थुंकी जाते म्हणाला. पंखा काढून धुतला, त्याच्या आसाला थेंबभर तेल दिलं. मोठ्या चकतीखाली पांढरा लेप असतो, तो सुकून खडू झाला होता, तो खरवडून नवा लावला. दोनदा पाठ ताठ करायला उठला. शेवटी वडी न लावताच डबा चालू केला आणि आम्ही दोघं नुसता पंख्याचा आवाज ऐकत बसलो. मक्याच्या पिठाची न्शिमा शिजली, जेवण झालं. पंखा फिरत होता.

"या भाजीत माकड कुठंय?" जेरेने विचारलं.

"तुझ्या ताटात दिलंय मुद्दाम, तुला ओळख पटली नाही," बाना चिपाशा म्हणाली. ती आता जागी होती, पण आवाजात जोर नव्हता.

जाताना त्याने तिला सांगितलं: कापड नाही, कपाट नाही, घोंगडी नाही. टेबलावर, उघडा, भिंतीपासून लांब. पुन्हा गुंडाळला तर पुन्हा हेच.

"मग आवाज घरभर येईल," ती म्हणाली.

"येईल."

"याया घरात असतात."

जेरेने माझ्याकडे पाहिलं. "यायांना पाय आहेत," तो म्हणाला.

कानात घालायची बोंडं लेकीने दिलेली आहेत. पण ती गाणी एकटीने ऐकायची नाहीत. चार जणींनी बसून ढोलावर धरायची असतात, तेव्हाच ओळ पक्की होते. आणि आमच्या खाणीच्या घरांच्या भिंती अशा की शेजारी शिंकला तर आपण नाक पुसावं.

वडी तिनेच परत बसवली. त्या दिवसापासून कॉम्प्युटर आपोआप बंद पडलेला नाही. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. गाणी एका काडीवर उतरली, मग दुसऱ्या काडीवर, ती दुसरी तिने पलीकडच्या आळीतल्या बानाचिम्बुसाकडे ठेवली. एवढं झाल्यावर ती एकेक गाणं लावून तपासायला बसली आणि मी बाहेर गेलो.

संध्याकाळी परत आलो तर ती चुलीपाशी होती. शेगडी पेटवलेली नव्हती.

"किती गेली?" मी विचारलं.

"थोडी. ती मला येतात." तिने कोळसा हातात घेतला आणि खाली ठेवला. "पण तिचं शेवटचं आहे ना, आजारी असताना म्हटलेलं. मोठं. ते अर्ध्यावर खरखरतं. पुढे नुसती खरखर."

"पुढचं येतं तुला?"

"मला वाटतं येतं."

मी आणखी काही विचारू शकत नव्हतो. कशाचं गाणं ते विचारायचा मला हक्क नाही. कापड, कुलूप, घोंगडी हे सगळं तिने ती गाणी जपायलाच केलं होतं, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. ते बोलून कोणाचाच थकवा कमी झाला नसता. मी शेगडीत कोळसे घातले आणि पेटवून दिली.

आता दुपारी वीज असली की उरलेल्या म्हाताऱ्या येतात. त्या अर्ध्या गाण्याचं पुढचं जुळवतात. एकीला एक ओळ आठवते, दुसरी म्हणते ती ओळ तिथली नाहीच. भांडण मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतं, शब्द कळत नाहीत, तेवढ्या लांबच मी खुर्ची नेतो. गुडघे दुखतात. सावली सरकते तशी खुर्चीही सरकवावी लागते. काल जेरे सायकलवरून जाताना थांबला.

"हाकललं का घरातून, बा कालाबा?"

"तूच हाकललंस."

"मग चला माझ्याकडे. उंदीर आहेत ताजे."

"पुढे हो," मी म्हटलं.

तो गेला. घरातून ढोल वाजायला लागला, थांबला, आणि कोणीतरी मोठ्याने नाही म्हणालं. मग ढोल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी खुर्ची सावलीत घेतली.